पहिला प्रवास : सोबत आणि शिदोरी

वैशाखातील सुट्टी तोंडावर आली म्हणजे ज्या घरांत पंधरा-सोळा वर्षांची मुले आहेत, त्या घरांत सांप्रत एक प्रश्न हमखास उभा राहतो. मुले चार दिवस कोठेतरी जाऊन येऊ म्हणतात. बरोबर समवयस्क मित्र असावेत आणि आईवडील नसावेत, एवढेच त्यांचे मागणे असते. गेल्या वर्षी हा प्रश्न बेळगावातील आमच्याही घरी आला. नात सोळा वर्षांची, तिच्या मैत्रिणी चार, आणि बेत गोव्यात तीन रात्री काढण्याचा. सूनबाईंनी ऐकताक्षणी निकाल दिला, "आपल्यात असे कधी नव्हते." नातीनेही तितक्याच खात्रीने उत्तर केले, "हल्ली सगळेच जातात."

ही दोन्ही विधाने इतिहासाची आहेत, आणि म्हणूनच ती तपासून पाहण्याचा मोह मला आवरला नाही. दुसऱ्याचा फारसा विचार करण्याचे कारण नाही. सोळा वर्षांच्या मुलांच्या गणितात 'सगळे' ही संख्या बहुधा तिनाच्या पुढे जात नाही. परंतु पहिले विधान आपण वडीलधारी माणसे इतक्या सहजपणे करतो आणि त्यावर इतका मोठा निर्णय उभा करतो, की ते खरे आहे काय हे एकदा पाहिलेच पाहिजे.

आपल्या घरांत सोडमुंजीचा विधी अजून होतो. बटूने बारा वर्षे गुरुगृही राहून वेदाध्ययन करावे आणि मग स्नान करून, स्नातक होऊन घरी परतावे, हा मूळचा क्रम. त्या परतण्यालाच समावर्तन म्हणतात. आज ती बारा वर्षे एखाद्या सकाळीत आटोपतात. मेखला आणि कौपीन उतरवून मुलाला धोतर, उपरणे आणि पागोटे देतात. पायांत वहाणा, एका हातात छत्री, दुसऱ्या हातात काठी आणि काखेत शिदोरीचे गाठोडे. असा नटून तो काशीयात्रेला निघतो. मांडवाच्या दाराशी मामा त्याला अडवतो, "काशीला जाऊ नकोस, माझी मुलगी तुला देतो," असे सांगतो, आणि बटू परत फिरतो. जमलेली मंडळी हसतात. मुलाला लाडू मिळतो. छत्री पुन्हा खुंटीवर जाते.

या गमतीच्या प्रसंगामागे किती जुनी सामग्री उभी आहे हे आपल्या ध्यानात येत नाही. आश्वलायन गृह्यसूत्रात स्नातकाला द्यावयाच्या वस्तूंची यादी आहे, आणि तीत मणिकुंडलांबरोबर छत्री, वहाणा आणि दंड या तिन्ही वस्तू आहेत. तिन्ही प्रवासाच्याच. मला मात्र त्या यादीपेक्षा तिच्या जवळच येणारी दुसरी यादी अधिक मोलाची वाटते. स्नातकाने काय करू नये, ते सूत्रकार तेथे सांगतात. रात्री स्नान करू नये. पाऊस पडत असता धावू नये. झाडावर चढू नये. विहिरीत उतरू नये. हातांनी पोहत नदी ओलांडू नये. जेथे जिवाला धोका असेल तेथे जाऊ नये. यात कोठेही तत्त्वज्ञान नाही आणि मोक्षाचा उल्लेखही नाही. सहलीला निघालेल्या मुलाची पिशवी भरताना आई ज्या सूचना करते, त्याच या सूचना आहेत. बारा वर्षे वेद म्हटलेला तरुण नदी पाहिल्याबरोबर तीत उडी घेईल, अशी धास्ती सूत्रकारांसही होती! दूधसागरच्या धबधब्याखाली किंवा पावसाळ्यातील समुद्रात दरवर्षी तरुण मुले बुडतात, त्यांच्या बातम्या वाचताना मला ती छोटी वाक्ये आठवतात.

म्हणजे सूत्रकारांनी मुलाला घरी बसवले नाही. त्याला वहाणा दिल्या, काठी दिली आणि पाचसहा धोके नेमके सांगितले. तथापि एवढ्यावर समाधान मानून चालणार नाही. ही व्यवस्था त्रैवर्णिकांच्या मुलांपुरती होती. मुलींचा प्रश्नच तीत उद्भवत नव्हता. आणि पुढे गुरुगृहाची बारा वर्षे जसजशी आटत गेली, तसतशी मुलाची खरी यात्रा संपून मामाने अडवलेली यात्रा तेवढी उरली. आपल्या विधीत शिल्लक राहिले ते अडवणे. सूनबाईंचे विधान या उरलेल्या भागापुरते खरे आहे.

गोव्याकडील देवळांशी ज्यांचे कुळ बांधलेले आहे, त्यांच्या बाबतीत तर हे विधान अधिकच तोकडे पडते. १५६० च्या सुमारास आणि त्यानंतरच्या काही वर्षांत साष्टी व बारदेश या महालांतील देवळे पोर्तुगीज सत्तेने पाडली, तेव्हा आपल्या पूर्वजांनी देव उचलून नदीपलीकडे अंत्रुज महालात नेले. कुशस्थळीचा मंगेश प्रियोळास आला, केळशीची शांतादुर्गा कवळ्यास गेली, वेरण्याची म्हाळसा म्हार्दोळास आणि लोटलीचा रामनाथ बांदिवड्यास. हा फोंड्याचा मुलूख तेव्हा आदिलशाहीत होता. पुढे तो सौंध्याच्या राजांकडे गेला आणि पोर्तुगिजांच्या हाती १७६३ मध्ये आला. देव एका तीरावर आणि कुळावी दुसऱ्या तीरावर, किंवा त्याहूनही दूर कारवार, मंगळूर, कोची, मालवण, बेळगाव व मुंबई येथे, अशी स्थिती झाली. देवदर्शन म्हटले की प्रवास आलाच. अशा प्रवासात घरातील सर्वांनी एकदम निघणे शेतीवाडीच्या किंवा दुकानदारीच्या घरास परवडणारे नव्हते. जत्रेस निघालेल्या शेजाऱ्याबरोबर, मावशीच्या दिराबरोबर, गावच्या भटजींबरोबर पोरे पाठवून दिली जात.

यालाच आपण 'सोबत' म्हणतो. हा शब्द आपण इतका वापरतो की ती एक संस्था होती हे विसरून जातो. जुन्या पत्रांतून "सोबत मिळाली म्हणजे निघतो", "सोबत पाहून मुलास पाठवावे" अशा अर्थाचा मजकूर पदोपदी आढळतो. सोबतीसाठी माणसे पंधरा दिवस थांबत. परंतु सोबत मिळाली म्हणजे ती कोणाची, हे फार बारकाईने पाहत नसत. ओळखीचा ओळखीचा असला तरी पुरे. आणि या साखळीच्या शेवटी एक ठिकाण निश्चित असे, ते म्हणजे देवस्थानची अग्रशाळा. आपल्या देवळांच्या प्राकाराला लागून असलेल्या त्या दगडी पडव्या, त्यांतील एकसारख्या खोल्या, अंगणातील विहीर आणि सारवलेली चूल हे सारे आपण लहानपणापासून पाहत आलो आहोत. पंढरपूर-नाशिकच्या धर्मशाळांहून अग्रशाळेचा विशेष असा, की तेथे आलेला माणूस परका नसतो. आलेल्याचे कुळ कोणते, गाव कोणते, एवढे समजले की त्याची ओळख पुरी होते.

मी स्वतः चौदाव्या वर्षी आईवडिलांवाचून प्रथम प्रवास केला, तो असाच. सोबत होती वडिलांच्या एका स्नेह्यांची, आणि ते स्नेही वाटेतच उतरून गेले. "आता सरळ जा, काही भिऊ नकोस," एवढे सांगून त्यांनी माझ्या हातावर आठ आणे ठेवले. मी भ्यालो, हे सांगावयास आता हरकत नाही. परंतु अग्रशाळेच्या दारात बसलेल्या म्हाताऱ्या बाईने "तूं कोणालो रे?" असे विचारले, मी आजोबांचे नाव सांगितले, आणि तिने काही न बोलता माझ्यापुढे पेजेची वाटी ठेवली. दुसऱ्या दिवशी तिनेच बसवून माझ्याकडून खुशालीचे कार्ड लिहून घेतले. ते कार्ड घरी पोहोचण्यापूर्वी मीच पोहोचलो, ही गोष्ट निराळी.

मुलाने घर सोडण्याची दुसरी वाट विद्येची. गेल्या दीडशे वर्षांत कोकणातील व गोमंतकातील किती मुलांनी माधुकरी मागून, वार लावून, परगावी अध्ययन केले याची गणती नाही. त्यांतील एक प्रवास मला विशेष सांगावासा वाटतो. धोंडो केशव कर्वे, म्हणजे पुढे महर्षी झालेले अण्णा, हे १८७५ मध्ये सतरा वर्षांचे होते. दापोलीजवळच्या मुरुड गावात शिक्षण घेऊन सरकारी नोकरीसाठी लागणाऱ्या परीक्षेस बसण्याचे त्यांनी ठरवले होते. परीक्षेचे केंद्र साताऱ्यास. दिवस पावसाचे. मुरुडाहून सातारा म्हणजे सुमारे ११० मैल, मध्ये सह्याद्रीची भिंत. ते अंतर कर्व्यांनी पायी तोडले. साताऱ्यास पोहोचून परीक्षकांपुढे उभे राहिले, तेव्हा परीक्षकांनी या ठेंगण्या, किरकोळ अंगाच्या मुलाकडे पाहिले आणि वय कमी दिसते म्हणून परीक्षेस बसू दिले नाही. वय पुरे होते. फक्त ते दिसत नव्हते!

हा प्रसंग पुष्कळांनी सांगितला आहे, आणि सांगणारे बहुधा अण्णांच्या निर्धाराकडे बोट दाखवतात. मला त्या परतीच्या वाटेचे अधिक वाटते. आत्मचरित्रात त्यांनी आपल्या निराशेची नोंद केली आहे, परंतु कोणावर रोष धरलेला नाही. जाताना डोक्यावर परीक्षेचा विचार होता; येताना तोही नाही. तोच घाट, तोच चिखल, आणि घरी सांगावयास काही नाही. सतरा वर्षांच्या मुलाला हे अंतर आईवडिलांच्या सोबतीने चालावयास मिळाले असते, तर ते त्याला सोपे गेले असते, यात संशय नाही. पुढे १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम आणि १९१६ मध्ये महिला विद्यापीठ काढणारे कर्वे त्या चिखलातून घडले असे मी म्हणणार नाही. चरित्रकारांची ती सवय मला पसंत नाही. एवढेच म्हणतो, की १८७५ मधील कोकणातील एका मध्यम स्थितीच्या, देवभोळ्या घराने आपला सतरा वर्षांचा मुलगा भर पावसात सह्याद्रीपलीकडे जाऊ दिला, आणि गावाने त्या घराला नावे ठेवली नाहीत.

अंत्रुजातीलच एका मुलाची गोष्ट याच्या शेजारी ठेवावी. मंगेशीस १९०० च्या डिसेंबरात जन्मलेले दीनानाथ मंगेशकर वयाच्या चौदाव्या वर्षाच्या आगेमागे किर्लोस्कर नाटक मंडळीत दाखल झाले. देवळाच्या सावलीत वाढलेला मुलगा नाटक कंपनीच्या बिऱ्हाडी जाऊन राहिला. त्या काळी नाटकास जाणे हेच कित्येक घरांत पाप होते, मग नाटकात जाण्याविषयी काय बोलावे! तरीही तो मुलगा गेला, आणि १९१८ मध्ये, म्हणजे अठराव्या वर्षी, बळवंत संगीत मंडळीच्या स्थापकांपैकी एक झाला. कंपनीचे बिऱ्हाड म्हणजे सुट्टी नव्हे, हे खरे. पहाटेची तालीम, पंगतीचे जेवण, आज या गावी तर उद्या त्या गावी असा तो संसार होता. परंतु आईवडिलांवाचून राहणे ते होतेच.

आणि मुली? येथे मात्र "आपल्यात असे कधी नव्हते" हे वाक्य उच्चारताना जीभ अडखळावी. आपल्या पणज्या आठव्या-नवव्या वर्षी आईवडिलांस सोडून परक्या घरी जात. त्या चार दिवसांसाठी जात नसत, जन्मासाठी जात. आपल्यात मुलीचा आईवडिलांवाचून होणारा पहिला प्रवास सासरचा असे, आणि तिच्या संमतीचा प्रश्न कोणी काढीत नसे. त्या वेळीही सोबतीचा विचार होताच. नवरीबरोबर माहेरची एखादी वडील बाई काही दिवस जाऊन राही. तिला 'पाठराखीण' असे सुंदर नाव आहे. पाठराखीण चार-आठ दिवसांनी परत फिरे, तेव्हा कोवळ्या मुलीच्या मनात काय होत असेल याची कल्पना जात्यावर बसलेल्या बायकांनी पुष्कळ केली आहे. पुरुषांनी फारशी केली नाही. ज्या समाजाने नऊ वर्षांची मुलगी निश्चिंत मनाने दुसऱ्याच्या स्वाधीन केली, त्याच समाजाला सोळा वर्षांची मुलगी तीन रात्री मैत्रिणींबरोबर राहील याची भीती वाटावी, यातील विसंगती सूनबाईंपुढे मांडली तेव्हा त्या काही बोलल्या नाहीत. परंतु भाजी चिरण्याचा वेग वाढला.

अशा नऊ वर्षांच्या वधूंपैकीच एक आनंदीबाई जोशी. जन्म ३१ मार्च १८६५. चौदाव्या वर्षी झालेले मूल दहा दिवसांत गेले, आणि वैद्यक शिकण्याचा निश्चय त्या दुःखातून निघाला. अमेरिकेस जाण्याचे ठरले, तेव्हा लोकांनी जे प्रश्न विचारले त्यांना त्यांनी २४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूरच्या, म्हणजे कलकत्त्याजवळील सेरामपूरच्या, महाविद्यालयात जाहीर भाषणाने उत्तर दिले. त्या प्रश्नांत एक प्रश्न असा होता, की तुम्ही एकट्याच का जाता? त्यांचे उत्तर अगदी घरगुती आहे. पतीसह जाण्याचा विचार होता, परंतु घरच्या माणसांचा भार पतीवर असल्याने दोघांनी निघणे शक्य नाही. परदेशी संकट आले तर काय, असाही एक प्रश्न होता. संकट घरीही येतेच, हे त्यांना कोणी सांगण्याची आवश्यकता नव्हती. कलकत्त्याच्या रस्त्यातून पतीबरोबर चालतानाही लोक टक लावून पाहत आणि वेडेवाकडे बोलत, याचा अनुभव त्यांच्या गाठी होता.

७ एप्रिल १८८३ रोजी त्यांचे जहाज कलकत्त्याहून निघाले. त्या दिवशी त्यांना अठरा वर्षे पूर्ण होऊन एकच आठवडा झाला होता. बरोबर पती नाही, माहेरचे कोणी नाही. ओळखीतून मिळालेल्या गोऱ्या बायकांची सोबत होती, आणि ती सोबत मनास फारशी सुखाची नव्हती. जूनमध्ये त्या न्यूयॉर्कला उतरल्या. धक्क्यावर श्रीमती कार्पेंटर त्यांना नेण्यास आल्या होत्या. तोवर या दोघींची ओळख केवळ पत्रांतून झालेली. त्या परक्या देशातील, परक्या धर्मातील बाईला आनंदीबाई 'मावशी' म्हणत. अग्रशाळेतील म्हाताऱ्या बाईने मला पेज वाढली, तेव्हा तिला मी काय म्हटले असेन? मावशीच. जिचा आपल्याशी काही संबंध नाही, तिला नात्याचे नाव देऊन तिच्या छपराखाली निजणे, हे आपल्या प्रवासाचे जुने शास्त्र आहे. आनंदीबाईंनी ते न्यू जर्सीला नेले. ११ मार्च १८८६ रोजी त्या डॉक्टर झाल्या. पुढच्याच वर्षी, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, पुण्यात त्यांचा अंत झाला. त्यांच्या मृत्यूचा दाखला देऊन "म्हणूनच मुलींना पाठवू नये" असे म्हणणारे त्या काळी निघाले असतील. क्षयाने घरी बसलेल्या किती मुली त्याच वर्षी गेल्या, याचा दाखला कोणी ठेवला नाही.

येथवर जे प्रवास पाहिले ते सारे कामाचे. विद्या, पोट, देव, सासर. निव्वळ मौजेसाठी, सुट्टी आहे म्हणून मुलांनी आपल्या आपण चार दिवस हिंडून यावे, ही कल्पना मात्र खरोखरच नवी आहे, आणि तेवढ्यापुरता सूनबाईंना न्याय दिला पाहिजे. पाठशाळेत अनध्याय असत; प्रतिपदा, अष्टमी, चतुर्दशी, पौर्णिमा, अमावास्या, आणि ढग गडगडले की तो दिवस. परंतु एका दिवसाच्या अनध्यायात मूल जाणार कोठे? आठवड्यांच्या आठवडे चालणारी उन्हाळ्याची सुट्टी इंग्रजी शाळांबरोबर आली, आणि त्या सुट्टीत हिंडण्याचे साधन आगगाडीने दिले. बोरघाटातून गाडी १८६३ मध्ये चढली. मुरगाव बंदरापासून सह्याद्री चढून येणारा लोहमार्ग १८८८ मध्ये खुला झाला. तरीही आपल्या मुलांनी त्या सुट्टीचे काय केले? ती आजोळी गेली. आंबे, फणस, नदीवरचे पोहणे आणि मामाचा मार. आजोळ हीच आपली सहल. आईवडील नसले तरी आजीआजोबा आहेतच, म्हणून कोणाला हा प्रश्न पडला नाही. आज आजोळ बहुधा त्याच गावात, पुष्कळदा त्याच इमारतीत असते, आणि उन्हाळ्यात दिवसभर आजी मालिका पाहते. मुलांनी मग जावे कोठे?

मौजेच्या सहलीचा प्रश्न प्रथम पडला तो जर्मनीतील एका शाळामास्तराला, आणि त्याची हकीकत आपल्या अग्रशाळेशी इतकी जुळते, की ती येथे सांगितल्यावाचून राहवत नाही. रिचर्ड शिरमान हा वेस्टफालिया प्रांतातील आल्टेना या कारखानदारी गावात शिक्षक होता. धुरात वाढणारी मुले घेऊन तो सुट्टीत अनेक दिवसांच्या पायी सहली काढी. रात्री शेतकऱ्यांच्या गोठ्यात किंवा गवताच्या कोठारात निजावयाचे. २६ ऑगस्ट १९०९ रोजी अशाच एका सहलीत वादळी पावसाने त्यांना गाठले. एका खेड्यातील शाळेचा वर्ग निजावयास मिळाला; बाके बाजूला सारून जमिनीवर पेंढा अंथरला, शेजारच्या शेतकऱ्याने दूध दिले. मुले झोपली, मास्तर जागा राहिला. बाहेर विजा चमकत होत्या, आणि त्याच्या मनात आले, की सुट्टीच्या दिवसांत देशातल्या साऱ्या शाळा रिकाम्या पडतात. त्या प्रत्येक शाळेत असा पेंढा का अंथरू नये? चालत एका दिवसाच्या अंतरावर एकेक निवारा असला, तर कोणतेही गरिबाचे मूल देश पाहू शकेल.

प्रथम त्याने आपल्याच शाळेत सोय केली. मग १९१२ ते १९१४ या काळात आल्टेनाच्या जुन्या किल्ल्यात कायमचे युवक-निवास उभे राहिले. ते आजही आहे. १९३२ मध्ये ॲम्स्टरडॅम येथे निरनिराळ्या देशांतील अशा संस्थांचा संघ झाला. युरोपच्या या चळवळीची शाखा स्वातंत्र्याच्या आगेमागे आपल्याकडेही आली, आणि पणजीस मिरामारला असलेले युवक-निवास हे त्याच कल्पनेचे गोमंतकातील रूप आहे. परंतु मला त्यातील जी गोष्ट सर्वांत मनोवेधक वाटते ती निराळीच. या निवासांची व्यवस्था पाहणाऱ्या जोडप्याला जर्मन भाषेत जे नाव पडले, त्याचा अर्थ 'निवासातील आईबाप' असा होतो. आईबापांवाचून हिंडण्यासाठी काढलेल्या घरात पहिली नेमणूक आईबापांची! दिवा वेळेवर मालवणे, जेवणानंतर ज्याची थाळी त्याने घासणे, सकाळी अंथरूण आवरणे, हे त्यांचे राज्य.

याच हकीकतीची काळी बाजूही सांगितली पाहिजे. १९३३ मध्ये जर्मनीत हिटलरची सत्ता आली, तेव्हा तिने हे सारे निवास हाताखाली घेतले आणि ते आपल्या तरुण-संघटनेच्या कामी लावले. शिरमानला पुढे बाजूला सारण्यात आले. घरे तीच, पेंढा तोच, मुले तीच; सोबत बदलली. मुलांना घराबाहेर काढून एकत्र करणे ही गोष्ट किती बलवान आहे, हे चांगल्या मास्तरांइतकेच वाईट सत्ताधीशांनाही उमजते. म्हणून मुले कोठे जातात यापेक्षा त्यांना तेथे कोण भेटते याची चौकशी मी अधिक करतो, आणि त्याबद्दल नातीची बोलणी खातो.

घरातील प्रश्नाचा शेवट कसा झाला, हे सांगून टाकतो. दोन आठवडे वाटाघाटी चालल्या. दूधसागरचे नाव बेतातून गेले. धबधबा पुढे केव्हातरी आगगाडीच्या खिडकीतून पाहावा, असे ठरले. समुद्रावर जाणे राहिले, परंतु सूर्यास्ताच्या आत परतण्याच्या बोलीवर, आणि गुडघ्यापलीकडच्या पाण्यात न उतरण्याच्या. ही बोली मी आश्वलायनाच्या आधारावर घातली. नातीने आश्वलायन कोण ते मोबाइलवर पाहिले आणि त्याचा काळ वाचून हात जोडले. निवाऱ्याची जागा मी सुचवली आणि ती सर्वांस, सूनबाईंसही, मान्य झाली, ती म्हणजे देवस्थानची अग्रशाळा. हल्ली तिला नळ आले आहेत, पंखे आले आहेत, नोंदणी दूरध्वनीवर होते. पाचांपैकी दोन मुली आमच्या कुळाच्या नव्हत, एक तर मूळची इंदूरची. त्याने काही अडले नाही.

पहाटेच्या बसला पोहोचवण्यास मी गेलो होतो. सूनबाई आल्या नाहीत; दशम्या करून दिल्या आणि देवघरात जाऊन बसल्या. चोर्ला घाटात मोबाइल लागत नाही, हे मला ठाऊक होते. त्यांना ते मी सांगितले नव्हते. त्या तीन तासांत त्यांनी मला सात वेळा विचारले, आणि सातही वेळा मी सूत्रे वाचण्यात गढलो असल्याचे सोंग केले. पुस्तक उलटे होते असे त्या आता सांगतात.

दुपारी नातीचा फोन आला. सामान ठेवले, देवदर्शन झाले, जेवणाची व्यवस्था झाली, वगैरे. मग ती म्हणाली, "आजोबा, इथे कार्यालयात बसलेल्या एक बाई आहेत. माझा कागद हातात घेतला, तो बाजूला ठेवला आणि विचारले, 'तूं कोणालें गो?' मी तुमचे नाव सांगितले, पण त्यांना ते ओळखू आले नाही. मग तुमच्या वडिलांचे सांगितले."

"मग?"

"मग त्यांनी आम्हां पाचही जणींना आधी सोलकढी दिली. आणि आईला फोन कर म्हणाल्या."